बाळसं दिसतं, लोह दिसत नाही

“अंगावर पितंय, छान बाळसं धरलंय, गाल बघा कसे गुलाबी! याला कसली आलीय लोहाची कमतरता?” सात-आठ महिन्यांच्या बाळाचं रक्त तपासू या म्हटलं की आजीपासून शिकल्यासवरल्या आईबापांपर्यंत सगळे हेच बोलतात. ऐकून ऐकून आता चीड येते, कारण या समजुतीपायी उपचाराचे मोलाचे महिने निघून जातात.

बाळसं म्हणजे वजन आणि चरबी. दूध पोटभर मिळतंय, एवढंच त्यावरून कळतं. उलट झपाट्याने वाढणाऱ्या बाळाचं रक्तही वाढावं लागतं, म्हणून त्याला लोह जास्तच लागतं. पहिले चार ते सहा महिने हे लोह पोटात असताना जमवलेल्या साठ्यातून येतं. अपुऱ्या दिवसांच्या किंवा कमी वजनाच्या बाळाचा साठा त्याआधीच संपतो. पुढे नुसत्या दुधावर हिशेब जमत नाही. आईच्या एक लिटर दुधात लोह असतं जेमतेम ०.३ ते ०.४ मिलिग्रॅम. त्यातलं निम्मं शोषलं गेलं, तरी दिवसाला पाऊण लिटर पिणाऱ्या बाळाच्या अंगी लागतं सुमारे ०.१३ मिलिग्रॅम. सहा महिन्यांनंतर रोज शरीरात जायला हवं सुमारे ०.७ मिलिग्रॅम. यात दुधाचा दोष नाही. त्याच्या जोडीला अन्न लागतं, इतकंच.

“बरं, हिमोग्लोबिन करतो. चांगलं आलं की झालं ना?” नाही झालं! लोह कमी पडू लागलं की आधी साठा रिकामा होतो, मग रक्तातून वाहणारं लोह घटतं आणि सगळ्यात शेवटी हिमोग्लोबिन खाली येतं. त्यातही असेल तेवढं लोह शरीर आधी तांबड्या पेशींना देतं, मेंदूला नंतर. म्हणजे रिपोर्ट ‘नॉर्मल’ असताना मेंदू उपाशी असू शकतो. बालरोगतज्ज्ञ बेट्सी लोझॉफ यांच्या चमूने कोस्टारिकातल्या बाळांचा वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. ज्यांना तान्हेपणी दीर्घकाळ लोह कमी पडलं होतं, ती मुलं उपचारानंतरही बौद्धिक चाचण्यांत मागेच राहिली.

म्हणून हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारं प्रथिन, तपासायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे पाच वर्षांखालच्या मुलात ते मिलिलिटरला १२ नॅनोग्रॅमपेक्षा कमी म्हणजे साठा संपलेला. मात्र ताप-सर्दीत फेरिटिन उगाच वर जातं, तेव्हा ही मर्यादा ३० धरतात. त्यामुळे तपासणी बाळ बरं असताना करावी, किंवा जोडीला सीआरपी ही दाह दाखवणारी चाचणी करावी. हिमोग्लोबिन कमी, तांबड्या पेशी लहान आणि तरी फेरिटिन व्यवस्थित, असं आलं तर डॉक्टर थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषाची शंका घेतात. अशा वेळी आपल्या मनाने लोहाचं औषध चालू ठेवणं चूक.

बाकीचे समज थोडक्यात. खालची पापणी ओढून लाल दिसली म्हणजे लोह ठीक, हे खोटं. तिथे फिकेपणा दिसतो तो रक्त बरंच उतरल्यावर. आईने अळिवाचे लाडू खाल्ले की लोह दुधात उतरतं? उतरत नाही, लाडू आईच्या स्वतःच्या रक्तासाठी जरूर खावेत. ‘अंगावरचं कमी पडतं’ म्हणून वर्षाच्या आत गाईचं दूध देऊ नका. त्यात लोह नगण्य, शिवाय काही बाळांच्या आतड्यातून त्यामुळे थोडं थोडं रक्त जातं. वरणाच्या पाण्याने भागत नाही, घट्ट वरणभात हवा, वर लिंबू पिळून. घरात चालत असेल तर अंडं आणि मऊ शिजवलेलं मटणही. लोहाच्या औषधाने शी काळी होते, त्याने घाबरायचं कारण नाही. दुसऱ्या महिन्यात हिमोग्लोबिन उतरतं ते मात्र नैसर्गिक, त्याला कमतरता म्हणू नका.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची सुमारे ६९ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. त्यांतली बरीच घरच्यांच्या डोळ्यांना ठणठणीतच दिसत असणार. ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचं सिरप सरकार मोफत देतं. आशाताईंकडून ते मागून घ्या, डोस मोजूनच द्या आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. जास्त लोह विषारी ठरतं. आणि नवव्या महिन्याच्या लसीला जाल तेव्हा डॉक्टरांना फेरिटिनबद्दल विचारा.