पाण्याचें बिल कां वाढतें?

मीं पस्तीस वर्षें शाळेंत गणित शिकविलें. त्या गणितांत एक हौद हटकून असे. एका तोटीनें तो इतक्या तासांत भरतो, दुसऱ्या तोटीनें तितक्या तासांत रिकामा होतो. दोन्ही तोट्या एकदम सोडल्या तर हौद केव्हां भरेल? एखादा खट्याळ मुलगा विचारी, "गुरुजी, ती दुसरी तोटी कोणी बंद कां करीत नाहीं?" वर्ग हंसे, मीही हंसें, आणि आम्ही पुढील उदाहरणाकडे वळत असूं. गेल्या वर्षीं आमच्या राहत्या इमारतीनें तोच प्रश्न मला घातला. त्याचें उत्तर काढतांना मीं जी चूक केली, ती सांगितल्यावांचून आजचा विषय पुरा होणार नाहीं.

आमच्या इमारतींत आठ बिऱ्हाडें असून सर्वांस मिळून पाण्याचा एकच मीटर आहे. एका खेपेस दोन महिन्यांचें बिल आलें तें पूर्वीच्या दीडपटीहून अधिक. सभा भरली. दुसऱ्या मजल्यावरील गृहस्थांनीं आपल्या अंथरुणास खिळलेल्या मातुःश्रींना त्याच सुमारास गांवाहून आणलें होतें. त्यांच्या सज्जांत रोज चादरी वाळत असलेल्या सर्वांना दिसत. "पाणी कोठें जातें हें उघड आहे," असें त्या सभेंत जो मनुष्य बोलला, तो मी. माझ्या वयाकडे पाहून कोणी आक्षेप घेतला नाहीं, आणि वाढीव रकमेपैकीं निम्मी त्या बिऱ्हाडानें द्यावी असें ठरलें. गृहस्थांनीं एक शब्दही न बोलतां ती दिली. पुढील बिल आलें, तेंही तितकेंच भारी होतें. तेव्हां कोठें मीं कागद व पेन्सिल हातीं घेतली. खरें म्हणजे ती सभेच्या आधींच घ्यावयास हवी होती.

बिल हातीं येतांच आपली दृष्टि शेवटच्या रकमेवर जाते. ती वर उचलून प्रथम तीन गोष्टी पाहाव्या : दिवस, पाणी आणि दर. या तिन्हींपैकीं कोणतीही एक वाढली तरी रक्कम वाढते, आणि बिलांत त्या बहुधा एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात.

दिवसांचें सोपें आहे. मागील व चालू वाचनाच्या तारखा पाहाव्या. पांच-सात दिवस अधिक पडले असतील तर पाणी न वाढतांही बिल वाढणारच. वाचन खरोखर झालें आहे कीं सरासरीनें आंकडा धरला आहे, हेंही पाहावें. मीटर बंद असेल किंवा वाचतां आला नसेल, तर सरासरीनें बिल आकारण्याची वहिवाट आहे. पुढें खरा आंकडा वाचला गेला कीं मागील सारा फरक एकाच बिलांत अंगावर येतो. मागची थकबाकी मिळविली आहे काय, हेंही तेथेंच समजतें.

मीटर नवा बसविला असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. नवा मीटर धांवतो, असा आपला ग्रह असतो. वास्तविक, चक्राचा मीटर जुना होऊन झिजला म्हणजे तो बहुधा कमी मोजूं लागतो. अशा वेळीं नवा मीटर अधिक मोजीत नसून जुनाच आपणांवर मेहेरबान असतो. मात्र जेथें पाणी ठराविक वेळेपुरतें सुटतें, तेथें नळांतून प्रथम हवा जोरानें येते, आणि ती हवाही मीटरचें चक्र फिरवूं शकते. शंका असल्यास माप माहीत असलेलें पिंप भरून मीटरचा आंकडा पडताळून पाहावा, आणि मग तक्रार लेखी करावी.

आतां पाणी. बिलावरील एक युनिट बहुतेक ठिकाणीं एक घनमीटर, म्हणजे १,००० लिटर असतो. आमचें जुनें बिल ६० दिवसांचें व २५२ युनिटांचें होतें. म्हणजे दिवसास ४,२०० लिटर. तेव्हां इमारतींत ३० माणसें होतीं; माणशीं १४० लिटर पडले. केंद्र सरकारच्या पाणीपुरवठ्याच्या मार्गदर्शिकेंत मलनिःसारणाची सोय असलेल्या शहरांस माणशीं १३५ लिटर व महानगरांस १५० लिटर धरतात. तेव्हां आमचा खर्च वाजवी होता. नवें बिल ६२ दिवसांचें व ३४१ युनिटांचें. म्हणजे दिवसास ५,५०० लिटर. माणसें ३१, माणशीं सुमारें १७७ लिटर. एकंदर वाढ दिवसास १,३०० लिटरांची झाली.

तिसरी गोष्ट दर. कित्येक शहरांत दर पायरीपायरीनें चढतो. अधिक पाणी वापराल तर वरच्या पाण्यास अधिक दर. समजा, माणशीं १५० लिटरांपर्यंत एक दर आणि त्यापुढें दुप्पट. ३१ माणसांचे ४,६५० लिटर साध्या दरानें जातील, आणि उरलेले ८५० दुप्पट दरानें. दोन दिवसांचा फरक धरून हिशेब केला तर रोजचें पाणी ३१ टक्क्यांनीं वाढलें असतां बिल मात्र ५६ टक्क्यांनीं वाढतें. कोठें कोठें मलनिःसारणाचा आकार पाणीपट्टीच्या ठराविक टक्क्यांनीं लावतात. तेथें तोही त्याच प्रमाणांत वर चढतो. म्हणून बिल दीडपट झालें याचा अर्थ पाणी दीडपट गेलें असा नव्हे.

हें त्रैराशिक मांडल्यावर माझा मीच ओशाळलों. आजाऱ्याच्या शुश्रूषेस, त्यांच्या स्नानास व चादरींस सढळ हातानें दिवसास ४०० लिटर धरले, तरी १,३०० पैकीं ९०० लिटरांचा पत्ता लागत नव्हता. शिवाय ते ४०० जुन्या ४,२०० त मिळविले तर ४,६०० होतात. तेवढ्यानें १५० लिटरांची पायरीही ओलांडली जात नाहीं. ज्यांच्यावर मीं बोट ठेविलें, त्यांच्या चादरींत हें पाणी मावतच नव्हतें.

मग ९०० लिटर कोठें जात होते? हें शोधण्यास यंत्र लागत नाहीं. पाण्याच्या वाटेचे टप्पे पाडावे लागतात. आपल्याकडे बहुतेक इमारतींत पाणी मीटरमधून जमिनीखालच्या टांकींत येतें, तेथून पंपानें गच्चीवरील टांकींत चढतें, आणि तेथून नळांनीं घरोघर उतरतें. प्रत्येक टप्पा निराळा तपासावा.

पहिला टप्पा मीटरपासून खालच्या टांकीपर्यंत. टांकी पूर्ण भरून तिचा तरंगता गोळा वर आला, तोटी बंद झाली, म्हणजे मीटर स्तब्ध झाला पाहिजे. मीटरच्या कांचेआड एक लहान चांदणीसारखें चक्र असतें. तें अगदीं बारीक धारेनेंही फिरतें. टांकींत पाणी पडत नसतां तें फिरत असेल, तर गळती मीटर व टांकी यांच्या मधल्या नळांत आहे.

दुसरा टप्पा खालची टांकी. बाहेरचें पाणी व पंप दोन्ही बंद असतां काठी बुडवून पातळीची खूण करावी आणि तीन-चार तासांनीं पुन्हां पाहावी. पातळी उतरली तर टांकीस भेग आहे. अशा भेगेंतून पाणी बाहेर जातें, तसेंच टांकी रिकामी असतां बाहेरचें घाण पाणी आंतही येऊं शकतें. म्हणून ही दुरुस्ती पैशाच्या आधीं प्रकृतीसाठीं करावी. पंप वेळेवर बंद न केल्यामुळें वरची टांकी वाहून जाते काय, हेंही गच्चीवर उभें राहून एकदां पाहावें. खालून आवाज ऐकूं येईलच असें नाहीं.

तिसरा टप्पा वरच्या टांकीपासून आपल्या घरांपर्यंत. आमचे पहिले दोन टप्पे निर्दोष निघाले. तेव्हां एका रात्रीं बारा वाजल्यावर कोणीं नळ सोडूं नये अशी सर्वांना विनंती केली, पंप बंद ठेविला आणि टांकींत खूण केली. आमची टांकी ३ मीटर लांब व २ मीटर रुंद आहे. म्हणजे तिची पातळी एक सेंटिमीटर उतरली कीं ६० लिटर गेले. पहाटे चार वाजतां ती अडीच सेंटिमीटर उतरलेली आढळली. चार तासांत १५० लिटर; चोवीस तासांत ९००. सारी इमारत झोंपेंत असतां मिनिटाला सुमारें तीन पेले पाणी कोठें तरी निमूटपणें वाहत होतें.

दुसऱ्या रात्रीं गच्चीवरून उतरणाऱ्या नळांच्या चाव्या पाळीपाळीनें बंद केल्या. शौचकूपांकडे जाणारा एक नळ बंद करतांच पातळी स्थिर राहिली. त्या नळावर चार बिऱ्हाडें. शौचकूपाच्या फ्लशच्या टांकीची परीक्षा फार सोपी आहे. कपड्यांस घालण्याची थोडी नीळ त्या टांकींत टाकावी, आणि अर्धा तास तिला हात लावूं नये. तेवढ्यांत खालच्या भांड्यांत निळें पाणी दिसलें, तर टांकीच्या तळाची झडप नीट बसत नाहीं. रबर कठीण झालें, किंवा त्याखालीं क्षाराचा थर बसला, म्हणजे असें होतें. धार भांड्याच्या मागच्या बाजूनें उतरते. ती दिसत नाहीं व तिचा आवाजही होत नाहीं. तरंगता गोळा बिघडला असेल तर मात्र टांकी कांठोकांठ भरून वरच्या वाहत्या नळींतून पाणी जात राहतें. तें झांकण उघडतांच दिसतें.

चारही घरांत नीळ टाकली. तीन घरांत भांडें पांढरें शुभ्र राहिलें. चौथ्यांत दहा मिनिटांत निळें पाणी उतरलें. तें चौथें घर माझें.

झडपेचें रबर बदलण्यास प्लंबरला अर्धा तास पुरला. त्यानंतर मी दोन जिने चढून वर गेलों. झालेली हकीकत सांगितली आणि क्षमा मागितली. गृहस्थ म्हणाले, "मास्तर, पैशाचें कांहीं नाहीं. पण सभा झाल्यापासून आईच्या चादरी आम्ही एक दिवसाआड धूत होतों." यावर मला कांहीं बोलतां आलें नाहीं. आंतल्या खोलींत त्या माउली जाग्याच होत्या.

पुढील सभेंत मीं स्वतःच ठराव मांडला. त्यांची रक्कम त्यांना परत मिळाली आणि गळतीचा भार मीं उचलला. महाराष्ट्रांतील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणें पाणीपट्टीची वाटणी प्रत्येक सदनिकेंतील नळांची संख्या व आकार पाहून करावयाची असते. कोणाच्या सज्जांत काय वाळत आहे हें पाहून नव्हे. तेव्हां आमचा पहिला ठराव न्यायास धरून नव्हता, तसा नियमासही नव्हता.

कोणी म्हणेल, नऊशें लिटरांचें एवढें काय? मुंबईस १८६० सालीं विहार तलावाचें पाणी नळानें मिळूं लागलें, तेव्हां तलाव शहराच्या जवळ होता. आज तेंच शहर शहापूर तालुक्यांतील तानसा व भातसा येथून पाणी आणतें, आणि त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते. माणशीं १३५ लिटर धरले, तर माझ्या घरांतून रोज सहा माणसांचें पाणी वाहून जात होतें.

आतां दर महिन्याच्या पहिल्या तारखेस आमच्या जिन्याजवळील दिनदर्शिकेवर मीटरचा आंकडा लिहिला जातो, आणि त्याखालीं मागील महिन्याशीं वजाबाकी. काम दोन मिनिटांचें आहे. दुसऱ्या मजल्यावरील गृहस्थांचा दहा वर्षांचा मुलगा तें करतो. परवां त्यानें मला विचारलें, "आजोबा, तुमच्याकडची तोटी आतां बंद आहे ना?" मीं त्याला घरांत नेलें, नीळ टाकली, आणि आम्ही दोघे अर्धा तास बसून पाहत राहिलों. पाणी पांढरें होतें.