कोपऱ्यातली बाटली

केळीची लागवड चालू होती. वडिलांनी पिशवी फाडून रोप तळहातावर घेतलं आणि मुळांभोवतीची माती हलकेच दाबून पाहिली. आमच्या रावेर तालुक्यात पूर्वी मुनवे लावायचे. जुन्या झाडाच्या बुडाशी फुटलेला मुनवा काढायचा, तासायचा आणि खड्ड्यात बसवायचा. आता टिश्यूची रोपं येतात. वडील म्हणाले, "हे लेकरू दिव्याखाली वाढलेलं आहे." ते सहज बोलून पुढच्या खड्ड्याकडे वळले. मला मात्र ते वाक्य सोडेना. जळगावचं मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं ऊन ज्या केळीला सोसायचं आहे, ती दिव्याखाली वाढते म्हणजे नेमकी कशी, हे पाहायला मी जिल्ह्यातल्या एका टिश्यू कल्चर प्रयोगशाळेत गेले. एकदा जाऊन भागलं नाही. तीनदा गेले आणि तिन्ही वेळा एकाच माणसाच्या मागे फिरले.

सगळे त्यांना लाइटवाले आप्पा म्हणतात. मूळचे वायरमन, वय पन्नाशीच्या पुढे. ज्या खोलीत बाटल्या वाढायला ठेवतात तिथल्या दिव्यांचं काम त्यांच्याकडे आहे.

त्या आधीचं काम थोडक्यात सांगते. मुनव्याच्या गाभ्यातला कोंब काढून निर्जंतुक करतात आणि बाटलीतल्या आगरवर ठेवतात. त्याला फुटवे आले की स्पिरिटचा वास भरलेल्या खोलीत, गाळलेल्या हवेच्या झोतापुढे बसलेल्या बायका ते सुटे करून नव्या बाटल्यांत लावतात. दर तीन-चार आठवड्यांनी हेच. सात-आठ फेऱ्या झाल्या की थांबतात, कारण त्यापुढे रोपं मूळ वाण सोडून भलतीच निघण्याची भीती वाढते.

आप्पांच्या खोलीला खिडकी नाही. पंचवीस अंशांचा गारवा, छतापर्यंत रॅक, प्रत्येक फळीच्या वर चार फुटी दिवे. दिवसातले सोळा तास उजेड, आठ तास अंधार. मी पहिल्यांदा गेले ते एप्रिलमध्ये, संध्याकाळी सहाच्या सुमाराला. बाहेर ऊन उतरत होतं आणि आत टायमरचा टक् असा आवाज होऊन रॅकमागून रॅक उजळत गेले. उन्हाळ्यात इथला दिवस संध्याकाळीच उगवतो. दिव्यांची उष्णता आणि दुपारची उष्णता, दोन्ही एकदम एसीवर पडू नयेत म्हणून. सकाळी दहाला, बाहेर डांबर तापायला लागतं तेव्हा, आत रात्र होते.

आप्पांनी लक्समीटर एका फळीच्या मधोमध, बाटलीच्या झाकणाच्या उंचीवर धरला. "अडीच हजार," ते म्हणाले. मग तो फळीच्या टोकाला नेला. आकडा सतराशेवर आला. "आता सांगा ताई, या कोपऱ्यातल्या बाटलीनं काय पाप केलंय?"

अडीच हजार हा आकडा मी त्यांच्या तोंडून त्या तीन भेटींत किती वेळा ऐकला, मोजलं नाही. बाहेर भर दुपारी उघड्या रानात लाखभर लक्स असतात. मला वाटलं होतं, आत जेवढा जास्त उजेड पाडता येईल तेवढा पाडत असतील. पण बाटलीतलं रोप उजेडावर जगतच नाही म्हटलं तरी चालेल. त्याचं जेवण खालच्या आगरमध्ये असतं, लिटरमागे साधारण तीस ग्रॅम साखर आणि क्षार. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली तंबाखूच्या पेशींसाठी बसवलेली ही कृती आजही जगभरच्या प्रयोगशाळांत चालते. उजेडाचं काम पान हिरवं करण्याचं, रोपाला आकार देण्याचं. जास्त दिला तर वीज आणि गारवा दोन्ही वाया. कमी पडला तर रोप फिकट, लांबट होतं आणि उजेडाच्या बाजूला मान वाकवतं. म्हणून इथे कस लागतो तो सगळ्यांना सारखा उजेड पोचवण्यात.

काही वर्षांपूर्वी इथे जुन्या चाळीस वॉटच्या ट्यूब होत्या. त्यांचे चोक खोलीत ठेवले तर तेही तापणार, म्हणून ते बाहेरच्या बोळात भिंतीवर ओळीनं बसवलेले असत. त्यातले काही अजून चालू आहेत. त्या बोळात तापलेल्या वार्निशचा वास येतो आणि सतत एक घुमणारा आवाज. आप्पा म्हणाले, हा वास अंगाला इतका बसला होता की घरी गेल्यावर नात जवळ यायची नाही.

मग एलईडी आले. निम्म्याहून कमी वीज, उष्णता थोडी. सगळ्यांना वाटलं, काढा जुनी, लावा नवी, संपलं. पण जुनी ट्यूब चहूबाजूंनी उजेड टाकायची, तो फळीवर, भिंतीवर आपटून कडेच्या बाटल्यांपर्यंत जायचा. एलईडीची पट्टी उजेड खालीच सोडते. मधल्या बाटल्या झगमगल्या आणि कडेच्या उपाशी राहिल्या. दोन-तीन आठवड्यांत कडेची रोपं मधल्या बाजूला झुकली. आप्पांनी ती पाहिली आणि एका रॅकवर काम सुरू केलं. दोन पट्ट्या शेजारी शेजारी होत्या त्या एकमेकींपासून लांब, फळीच्या कडांकडे सरकवल्या. वरच्या फळीचा खालचा भाग पांढरा रंगवला. दिवा आणि झाकण यांत फूटभर अंतर ठेवलं. त्याहून जवळ आणला तर उजेडाचे पट्टे पडतात आणि दूर नेला तर रॅकमध्ये एक फळी कमी बसते.

वरच्या फळीचाही विचार करावा लागतो, हे मला ठाऊक नव्हतं. एका फळीचा दिवा हा वरच्या फळीचा विस्तव असतो. आप्पा दिव्याच्या बरोबर वर, बाटल्यांच्या मध्ये तळवा टेकवून उभे राहतात, ताप आलेल्या मुलाचं कपाळ बघावं तसे. खालून ऊब लागली की बाटलीतलं पाणी उडून काचेवर आणि झाकणाला जमतं. "बाटलीला घाम आला की समजायचं, खालचा दिवा तापलाय," ते म्हणाले. मीटर खिशात असतानाही ते आधी हात लावून बघतात.

लाल-निळ्या उजेडाच्या जांभळ्या दिव्यांचंही मी विचारलं. लाल आणि निळा उजेड पानं सर्वांत चांगला वापरतात, हे खरं आहे. एक रॅक तसा करूनही पाहिला होता. पण त्या उजेडात पान पिवळं पडलंय की हिरवं, आगरवर बुरशीचा पांढरा ठिपका आलाय की नाही, हे बाटल्या तपासणाऱ्या बायकांना ओळखू येईना. रोपाला सोसणारा दिवा माणसालाही सोसायला हवा, म्हणून पांढराच राहिला. याच प्रयोगात अडीच हजाराच्या आकड्यालाही मर्यादा असल्याचं कळलं. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप. डोळ्याला हिरवट-पिवळा उजेड जास्त दिसतो, लाल आणि निळा कमी. एकाच जातीचे दिवे असतील तोवर मीटर खरं सांगतो. दिव्याची जात बदलली की जुना आकडा नव्या दिव्याला लावता येत नाही, तेव्हा रोपाकडेच बघावं लागतं.

एवढं करूनही टोकाशी थोडी तूट राहतेच. त्यावर आप्पांचा उपाय साधा आहे. आठवड्यातून एकदा कोपऱ्यातल्या बाटल्या मध्ये आणि मधल्या कोपऱ्यात. हे काम त्यांना कोणी सांगितलेलं नाही. हजारो बाटल्यांत चार मागे राहिल्या तर हिशेबात फारसा फरक पडत नसेल. मी तसं म्हणाले. ते हातातली बाटली जागेवर ठेवून म्हणाले, "ताई, ती चार रोपं ज्याच्या बांधावर जातील, त्याचा हिशेब वेगळा असतो."

ते खरं आहे, मी शेतकऱ्याची मुलगी आहे. टिश्यूचं रोप आम्ही महाग असूनही घेतो ते बाग एकसारखी निसवावी, घड एकाच वेळी कापणीला यावेत, एका गाडीत माल भरावा म्हणून. मागे पडलेल्या झाडालाही खत तेवढंच लागतं, पाणीही तेवढंच. त्याचा घड मात्र गाडी निघून गेल्यावर तयार होतो आणि मग व्यापारी देईल तो भाव.

बाटलीतून निघालेलं रोप थेट उन्हात तग धरत नाही. त्याच्या पानावर मेणाचा थर पुरता धरलेला नसतो, पानाची रंध्रं नीट मिटायला शिकलेली नसतात. आधी पॉलिहाउसमधल्या दमट हवेत, ट्रेमध्ये, मग शेडनेटखाली पिशवीत, असा सूर्य त्याला हप्त्याहप्त्यानं दाखवतात. अडीच हजारापासून लाखापर्यंतची ही वाट चालायला त्याला काही महिने लागतात.

परवा घरी गेले तेव्हा बाग छातीएवढी झाली होती. वडील ओळीच्या टोकाशी उभे राहून एक डोळा मिटून बघत होते, शेंडे एका रेषेत आहेत का ते. मीही त्यांच्या मागे उभी राहून पाहिलं. त्या ओळीत कधीतरी कोपऱ्यात असलेली रोपं असणारच. मी शेवटपर्यंत नजर नेली. मला ती ओळखू आली नाहीत.