कलीमुल्लाहची चार वर्षं

पाकिस्तानचा आघाडीपटू कलीमुल्लाह खान याच्या 2011 ते 2015 या वर्षांबद्दल जे सहसा सांगितलं जातं, ते मला अपुरं वाटतं. बलुचिस्तानात अफगाण सीमेला लागून असलेल्या चमनमध्ये 1992 साली जन्मलेला एक मुलगा अंगच्या गुणांवर देशाची लीग गाजवतो, तिथून किर्गिझस्तान आणि मग थेट अमेरिका गाठतो, अशी ती कथा. त्याच्या गुणांबद्दल वाद नाही. पण गुणी खेळाडूंची चमनला कधीच वानवा नव्हती. पाकिस्तानचा एकेकाळचा कर्णधार मुहम्मद ईसाही तिथलाच. कलीमुल्लाहच्या वाट्याला आलं आणि त्याच्या नंतरच्या पिढीला मिळालं नाही, ते म्हणजे आठवड्यामागून आठवडे, न चुकता होणारे सामने. त्याची घडण मुख्यतः त्यांतून झाली, असं मला वाटतं.

हे सामने त्याला दिले खान रिसर्च लॅबोरेटरीज या संस्थेच्या संघाने. युरेनियम समृद्धीकरणासाठी उभी राहिलेली सरकारी प्रयोगशाळा फुटबॉल संघ सांभाळते, हे बाहेरच्याला चमत्कारिक वाटेल. पाकिस्तानात मात्र वीजमंडळ, लष्कर, विमान कंपनी, बँका यांच्याच संघांवर हा खेळ उभा होता. खेळाडूला नोकरी आणि पगार संस्थेचा, खेळही संस्थेसाठी. मफतलाल, महिंद्र, एअर इंडियाचे संघ पाहिलेल्या मुंबईकरांना हे नवं नाही. 2012-13 च्या प्रीमियर लीगमध्ये 16 संघ होते, म्हणजे प्रत्येकाला 30 सामने. त्या हंगामात कलीमुल्लाहने 35 गोल केले आणि विजेतेपद त्याच्या संघाकडे गेलं. विशीतल्या आघाडीपटूला गोलसमोरचा निवांतपणा सरावाच्या मैदानावर शिकवता येत नाही. पहिली संधी हुकली तर चार दिवसांनी दुसरी मिळणार, ही खात्री असली की तो आपोआप येतो. 2013 मध्ये हाच संघ एएफसी प्रेसिडेंट्स कपच्या अंतिम फेरीत पोचला आणि तुर्कमेनिस्तानच्या बाल्कनकडून 1-0 ने हरला.

लीगच कच्ची होती, मग 35 गोलांचं मोल ते काय, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. बचावफळ्या कमकुवत होत्या, मैदानंही यथातथाच. पण त्याचं उत्तर पुढच्याच वर्षी मिळालं. 2014 मध्ये तो बिश्केकच्या दोर्दोईकडून खेळला, 18 गोलांसह तिथल्या लीगमध्ये अव्वल ठरला आणि दोर्दोईने विजेतेपद मिळवलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बंगळुरूत पाकिस्तानने भारताला 2-0 ने हरवलं, त्यातला एक गोल त्याचा होता. 2015 मध्ये तो अमेरिकेतल्या तिसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये सॅक्रामेंटो रिपब्लिककडे गेला. तिथे मात्र त्याचा तसा जम बसला नाही, हे मान्य करायला हवं. पण त्यावरून आधीचं सगळं खोटं ठरत नाही. घरच्या लीगने त्याला जिथवर नेलं, तिथून पुढे न्यायला वयोगटांच्या स्पर्धा, प्रशिक्षक आणि अकादम्या लागतात. त्या पाकिस्तानात नव्हत्या.

2015 हेच वर्ष निर्णायक ठरलं. लाहोरमधल्या चर्चवरच्या हल्ल्यांनंतर येमेनविरुद्धचा विश्वचषक पात्रतेचा घरचा सामना बहारीनमध्ये खेळावा लागला. 23 मार्चला तो 0-0 असा सुटला. त्यानंतर वरिष्ठ राष्ट्रीय संघाने पुढचा सामना खेळला तो 2018 च्या सप्टेंबरमध्ये. मधल्या काळात पाकिस्तानच्या फुटबॉल महासंघात सत्तेची भांडणं झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, फिफाने बंदी घातली, आणि प्रीमियर लीग बंदच राहिली. येमेनशी सामना झाला तेव्हा कलीमुल्लाह 22 वर्षांचा होता, संघ पुन्हा मैदानात उतरला तेव्हा 26 ला टेकला होता. आघाडीपटूची ऐन उमेदीची वर्षं हीच. तो निदान परदेशी क्लबांत होता. घरी राहिलेल्या, तेव्हा 18-19 वर्षांच्या मुलांचं काय झालं असेल, याचा विचार केला की संताप येतो.

परदेशात वाढलेल्या पाकिस्तानी वंशाच्या खेळाडूंनी ही उणीव भरून काढली, असं आता काही जण म्हणतात. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये इस्लामाबादला कंबोडियाला 1-0 ने हरवून पाकिस्तानने विश्वचषक पात्रतेतला पहिलावहिला विजय मिळवला. तो गोल इंग्लंडमध्ये वाढलेल्या हारून हमीदचा. त्या विजयाचा आनंद खराच होता. पण हमीदला घडवणारे सामने इंग्लंडने भरवले होते, आणि चमनच्या मुलाला ते तिथून उसने मिळणार नाहीत. उलट 2021 मध्ये संस्थांचे संघच मोडीत काढण्याचा निर्णय झाला. तो पुढच्या वर्षी फिरवला गेला खरा, पण 2021 मध्ये सुरू झालेला प्रीमियर लीगचा हंगाम अर्ध्यावरच सोडून द्यावा लागला.