बारानंतर तंबाखू नाही

कामगार कायद्याचे जुने निकाल वाचायचा मला फार वर्षांचा नाद आहे. नागपूर म्हटलं की सगळ्यांना एम्प्रेस मिल आठवते. मला मात्र इथल्या एका बिडी कारखान्यातल्या तीन मजुरांनी पछाडलं आहे. त्यांचा खटला ‘बिरधीचंद शर्मा विरुद्ध पहिले दिवाणी न्यायाधीश, नागपूर’ या नावाने ओळखला जातो. नावात व्यवस्थापक आहे, न्यायाधीश आहेत. भांडले ते मजूर तेवढे नाहीत.

तिघांनी पंधरा दिवसांची रजा मागितली आणि ते कामावर गेले नाहीत. त्या दिवसांची मजुरी कापली गेली. १९४८ च्या कारखाने अधिनियमाप्रमाणे वर्षात २४० दिवस भरले की दर वीस दिवसांमागे एक पगारी रजा मिळायची, पण ती ‘कामगारा’ला. हे कामगारच नव्हेत, असा कारखान्याचा दावा होता: मनाला येईल तेव्हा येतात, उठून जातात, वळतील तेवढ्या बिड्यांचे पैसे घेतात. वेतन प्राधिकारी असलेल्या त्या दिवाणी न्यायाधीशांनी मजुरांच्या बाजूने कौल दिला. रक्कम तिघांची मिळून नव्वद रुपयांच्या घरातली. तेवढ्यासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, कारण हे तिघे कामगार ठरले असते तर शेजारी बसून बिड्या वळणारे सगळेच ठरले असते.

डिसेंबर १९६० च्या निकालात न्या. वांच्छू यांनी त्या कारखान्याची रीत बारकाईने मांडली आहे. बिड्या घरी नेऊन वळायची मुभा नव्हती. हजेरी लागे. कारखाना संध्याकाळी सातपर्यंत चाले, पण दुपारी बारानंतर आलेल्याला तंबाखू मिळत नसे, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. सलग आठ दिवस गैरहजर राहिलं तर कामावरून काढता येई. शेवटी बिड्या मोजून घेताना वाईट निघालेल्यांची छाट होई. बिडी वळण्यासारख्या साध्या कामावर दिवसभर कुणी डोळा ठेवायची गरज नाही, संध्याकाळची छाट हेही नियंत्रणच, असं न्यायालयाने म्हटलं. तिघे कामगार ठरले.

मला हा निकाल मोलाचा वाटतो, कारण त्याने करारातल्या शब्दांपेक्षा तंबाखूचा डबा कुणाच्या हातात आहे ते पाहिलं.

पण हा कौल सगळीकडे लागू पडला नाही. त्याआधीच, १९५८ मध्ये, सागरच्या चिंतामणराव खटल्यात सट्टेदार, म्हणजे बिड्या वळवून देणारे ठेकेदार, कामगार नाहीत असं ठरलं होतं. पुढे ऑक्टोबर १९६१ मध्ये शंकर बाळाजी वाजे खटल्यात, कारखान्यातच बसून बिड्या वळणाऱ्या मजुराला याच न्यायालयाने बहुमताने कामगार मानलं नाही; तिथे येण्याजाण्याला कसलाच धरबंध नव्हता. न्या. सुब्बा राव यांनी विरोधी मत नोंदवलं, आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर होतं. सकाळी यायची सक्ती नसली तरी पोटाची सक्ती होतीच. शिवाय हक्क कारखान्याच्या छपराशी बांधला की मालकाला वाट मोकळी: पानं आणि तंबाखू सट्टेदारामार्फत घरोघरी पाठवायची. तिथे हजेरीपट नाही आणि रजाही नाही.

ही पळवाट बुजवायला १९६६ चा बिडी आणि सिगार कामगार कायदा आला. कच्चा माल घेऊन घरी वळणारी बाईही त्यात कामगार ठरली. मालकांनी त्याला आव्हान दिलं. मंगलोर गणेश बिडी वर्क्सच्या खटल्यात १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. नागपूरच्या खटल्यात जी छाट नियंत्रणाचा पुरावा म्हणून पुढे आली, तिच्यावर या कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या नियमांनी मर्यादा घातली, आणि नाकारलेल्या बिड्यांच्या मजुरीचा तंटा सरकारी अधिकाऱ्यापुढे नेण्याची सोय झाली.