ताम्हिणीसाठी कुठलं डिझेल?
स्कॉर्पिओ-एन घेताय? आपल्याच जिल्ह्यात, चाकणला बनणाऱ्या या गाडीचं २.२ लिटर डिझेल इंजिन दोन ताकदींत मिळतं. एक १३२ पीएसचं, टॉर्क ३०० न्यूटन-मीटर. दुसरं १७५ पीएसचं. त्यात मॅन्युअलला ३७०, ऑटोमॅटिकला ४००.

पौड ते चांदणी चौक ये-जा असेल तर लहानवालं भरपूर झालं. पण सात माणसं, वर सामान आणि माणगावहून येताना ताम्हिणी घाट चढायचा, तर मोठं घ्या. शोरूमवाला पीएस सांगेल, तुम्ही टॉर्क विचारा.

आणि गाडी फक्त पिरंगुटच्या ट्रॅफिकमध्येच रांगणार असेल, तर माझ्या मते डिझेल नकोच. एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही, डीपीएफमधली, म्हणजे धुराच्या फिल्टरमधली, काजळी जळत नाही आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो.