खासगी तळ्याचा मातीचा बांध

उज्जैन शहरातून इंदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर नानाखेडा हा भाग लागतो. आज तेथे बसस्थानक, क्रीडांगण व वसाहती आहेत. तथापि पायाखालची जमीन माळव्याची काळी चिकण जमीनच आहे. विदर्भ-मराठवाड्यातील वाचकांस तिची निराळी ओळख करून देण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या दमदार पावसानंतर ती फुगून त्या बुजतात. पिकाच्या दृष्टीने यात काही वावगे नाही. परंतु याच मातीचा बांध घालून त्यामागे पाणी अडविले, तर भेग बुजण्यापूर्वीच पाण्यास तिच्यातून वाट सापडण्याचा संभव असतो.

शेजारच्या देवास जिल्ह्यात २००६ पासून शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीत मोठ्या संख्येने तलाव करविले व त्या भागाची पाण्याची ददात बरीच कमी झाली. महाराष्ट्रातही शेततळ्यांचा प्रसार झाला आहे. खणून केलेल्या तळ्यापासून खालच्या वस्तीस सहसा भय नसते. मात्र नाल्यावर आडवा भराव घालून पाणी तुंबविले, म्हणजे ते तळे न राहता धरण होते. मग मालक त्यास कोणतेही नाव देवो. अलीकडे अशा पाण्यावर नौका सोडणे, काठावर झोपड्या बांधून पाहुण्यांची सोय करणे यांकडेही कल वाढत आहे. या व्यवसायास आक्षेप घेण्याचा येथे हेतू नाही. करमणुकीसाठी पाणी राखताना बांधात जे लहानसहान फेरफार केले जातात, त्यांचा विचार मात्र अगत्याचा आहे.

मातीचे धरण स्वतःच्या वजनाने व दाबून बसविलेल्या थरांच्या जोरावर उभे असते. मध्यभागी चिकणमातीचा गाभा, दोन्ही बाजूंस मुरमाड मातीचे कवच व पाण्याकडील उतारावर दगडी अस्तर अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. दगडी भिंतीवरून पाणी काही काळ वाहिले तरी ती बहुधा टिकते. मातीच्या बांधाला हे सोसत नाही. पाणी माथ्यावरून पलीकडे पडू लागले की उताराची माती कापली जाते आणि तासा-दोन तासांत खिंडार पडते. म्हणूनच एका कडेला, शक्यतो कठीण जमिनीत, माथ्यापेक्षा पुरेशा खालच्या पातळीवर सांडवा ठेवतात. सांडव्याचा उंबरा व बांधाचा माथा यांतील अंतर हेच पुराच्या वेळचे खरे भांडवल होय.

हे भांडवल कसे उधळले जाते याचे उदाहरण अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात घडले. साउथ फोर्क येथील सुमारे ७२ फूट उंचीचे मातीचे धरण मूळचे राज्य सरकारने कालव्यासाठी बांधलेले होते. रेल्वे आल्यावर कालवा निरुपयोगी ठरला व धरण खासगी हातांत गेले. तळातील पाणी सोडण्याचे लोखंडी नळ मधल्या एका मालकाने काढून मोडीत विकले. पुढे पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका क्लबाने मासेमारी व नौकाविहारासाठी ते विकत घेऊन दुरुस्त केले. पोलाद-उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी हेही त्याचे सभासद होते. काढलेले नळ पुन्हा बसविले गेले नाहीत. माथ्यावरून घोडागाड्यांना सोयीने जाता यावे म्हणून तो दोन-तीन फूट उतरविण्यात आला. तळ्यात सोडलेले मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या लावल्या. यांतील प्रत्येक गोष्ट सोयीची होती, आणि प्रत्येकीने पुराची वाट थोडी अरुंद केली. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत जाळ्यांत काटक्या-कचरा अडकला. माणसे माथ्यावर माती लोटीत राहिली, नवा चर खणण्याचीही खटपट झाली. परंतु दुपारी तीन वाजल्यानंतर धरण फुटले. सुमारे १४ मैल खाली असलेल्या जॉन्सटाउन शहरावर तासाभरात पाण्याचा लोंढा आदळला. मृतांची संख्या २,२०९ भरली. न्यायालयात क्लबाकडून भरपाई मिळू शकली नाही.

दुसरा धोका भरावाच्या पोटातून संभवतो. थोडा पाझर प्रत्येक मातीच्या धरणास असतोच व तो स्वच्छ असल्यास तेवढ्याने घाबरून जाऊ नये. पाझर गढूळ झाला, की पाण्याबरोबर आतील माती निघून चालली असे समजावे. घुशींची बिळे, वाळवीची वारुळे, तोडलेल्या झाडांची कुजलेली मुळे अशा वाटेस साहाय्यभूत होतात. सावलीसाठी बांधावर झाडे लावण्याची हौस म्हणून टाळावी, गवत उत्तम. रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटून वीसच्या आसपास माणसे दगावली. तेव्हा खेकड्यांच्या बिळांवरून बरीच चर्चा झाली. परंतु ग्रामस्थांनी गळतीची तक्रार आधीच केलेली होती, हे अधिक ध्यानात ठेवण्यासारखे आहे. याउलट माळव्याच्या दक्षिण कडेस, धार जिल्ह्यात, कारम नदीवरील बांधकाम चालू असलेल्या मातीच्या धरणास ऑगस्ट २०२२ मध्ये गळती लागली, तेव्हा अठरा गावे रिकामी करून बाजूने चर खणण्यात आला व पाणी वाहून जाऊ दिले. धरण वाया गेले, माणसे वाचली.

ही दोन्ही धरणे शासकीय होती. धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ हा १५ मीटरहून उंच धरणांस आणि १० ते १५ मीटर उंचीच्या, काही विशिष्ट अटींत बसणाऱ्या धरणांस लागू आहे. नाल्यावरचा चार-सहा मीटरांचा खासगी बांध त्याच्या कक्षेत येत नाही. त्याची देखरेख प्रत्यक्षात मालकाच्या नजरेवरच अवलंबून राहते. मालक पुष्कळदा शहरात असतो आणि बांधाखालून शाळेची वाट जाते. अशा गावी ग्रामसेवकाने वा शिक्षकाने मे अखेरीस मालकासमवेत बांधावरून एकदा चालून यावे. माथ्यावरील भेगा उकरून, ओलसर चिकणमातीने थराथराने ठोकून भराव्यात; वरवर माती लोटून भेग झाकली जाते, भरली जात नाही. माथा कोठे खचला असल्यास तो पहिल्या पातळीस आणावा. सांडव्यातील झुडपे व मासे अडविण्याच्या जाळ्या पाऊस सुरू होण्यापूर्वी काढाव्यात. मासे गेले तर पुढील वर्षी बीज पुन्हा सोडता येते. पावसाळ्यात बांधाच्या पायथ्याशी गढूळ पाणी दिसल्यास मालकाच्या परवानगीची वाट न पाहता तहसीलदारांस कळवावे व खालच्या वस्तीस त्याच रात्री उंचावर हलवावे.