सुटींतील सहल आणि वळवाची वीज

परीक्षा आटोपल्या, शाळांना कुलुपें लागलीं, कीं घरोघर सहलींचे बेत सुरू होतात. कोणी कोंकणांत आजोळीं जातात, कोणी महाबळेश्वरास किंवा पन्हाळ्यास चार दिवस बिऱ्हाड करतात, तर कोणी मुलांना घेऊन सिंहगड वा रायगड चढतात. पाण्याच्या बाटल्या, उन्हाच्या टोप्या, लाडवांचे डबे, पित्तावरील गोळ्या हें सारें आठवणीनें बरोबर घेतलें जातें. एका गोष्टीचा विचार मात्र क्वचितच होतो; ती म्हणजे आकाशांतील वीज. आपल्या देशांत वीज पडून मरणाऱ्यांची संख्या अलीकडे प्रतिवर्षीं अडीच हजारांहून अधिक भरते, असें सरकारी नोंदीवरून दिसतें; २०२२ या एका वर्षांत ती २,८८७ होती. यांत शेतांत राबणारे लोकच फार, हें खरें. तरीपण जो उघड्यावर उभा असतो तो नांगर धरून उभा आहे कीं शिदोरी घेऊन, हें वीज पाहत नाहीं.

उन्हाळ्याची सुटी आणि वळवाची वीज यांची गांठ निसर्गानेंच घालून ठेवली आहे. चैत्र-वैशाखांत जमीन भाजून निघते. तिला लागून असलेली हवा तापून हलकी होते व वर चढूं लागते. अरबी समुद्राकडची दमट हवा तिच्यांत मिसळली आणि सह्याद्रीच्या चढावानें तिला आणखी वर रेटलें, म्हणजे दुपारीं दोन-तीन वाजण्याच्या सुमारास पिंजलेल्या कापसाच्या राशींसारखे ढग माजूं लागतात. त्यांतील कांहींचे माथे बघतां बघतां दहा-बारा किलोमीटर उंचीवर जातात. तेथें पाणी गोठून बर्फाचे बारीक स्फटिक व गारांचे मऊ कण तयार होतात. वर जाणारे स्फटिक आणि खालीं येणारे कण एकमेकांवर आदळून विद्युद्भार विभागला जातो. बहुधा ढगाचा वरचा भाग धनभारित व खालचा ऋणभारित होतो. हा ताण हवेला सोसेनासा झाला म्हणजे वीज चमकते. तिच्या वाटेवरील हवा त्या क्षणीं सुमारें ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळजवळ पांचपट तापते, आणि अशी एकाएकीं फुगलेली हवा जो धक्का देते तोच गडगडाट. हा खेळ बहुधा दुपारपासून दिवेलागणीपर्यंत चालतो. अर्थात् जेवणखाण व वामकुक्षी आटोपून, 'आतां ऊन उतरलें, चला फिरावयास,' असें आपण ज्या वेळीं म्हणतों, नेमकी तीच ही वेळ होय.

गेल्या वैशाखांतील एक लहानशी हकीकत येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आम्ही घरचीं तेराजणें रत्नागिरीकडे आप्तांच्या गांवीं गेलों होतों. घरापासून अर्ध्या कोसावर त्यांची आमराई आहे. तेथें एके दिवशीं वनभोजनाचा बेत ठरला. पानें मांडलीं गेलीं, आंबेडाळ व पन्हें वाढून झालें, मुलें झोपाळ्यावरून उतरून हात धुवावयास गेलीं. इतक्यांत पूर्वेकडे, सह्याद्रीच्या माथ्यावर, दूर कोठें तरी गडगडलें. डोक्यावर तर लख्ख ऊन होतें. परंतु आमचे वडील चुलते, ज्यांस घरांत सर्वजण अण्णा म्हणतात, ते लागलीच उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आवरा सगळें. घरीं चला."

"अण्णा, अहो, अजून एक थेंबही नाहीं," आमचे धाकटे बंधु म्हणाले. "आणि आलाच पाऊस तर या आंब्याखालीं बसूं. एवढा डेरेदार आहे, आंत टिपूस यायचा नाहीं."

"म्हणूनच म्हणतों, ऊठ," अण्णा म्हणाले. "मी पावसाला भीत नाहीं."

वहिनींनीं मुलें उपाशी असल्याचें सुचवून पाहिलें, मुलांनीं रडून पाहिलें, अण्णा ऐकेनात. अखेर वाढलेलीं पानें तशींच डब्यांत रिकामीं करून आम्ही मुकाट्यानें घराची वाट धरली. अंगणांत पाय ठेवतों न ठेवतों तों पाऊस कोसळूं लागला आणि पुढें तासभर विजांनीं नुसतें थैमान घातलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं बंधु मुद्दाम आमराईंत जाऊन आले व हंसत म्हणाले, "अण्णा, तुमचा आंबा खुशाल आहे हो!" त्यावर अण्णाही हंसले. "बरें झालें," ते म्हणाले, "आपणही खुशाल आहों."

आंब्यावर वीज पडली असती तर अण्णांची दूरदृष्टि गांवभर झाली असती; ती पडली नाहीं, म्हणून त्यांची थट्टा झाली. सावधपणाची हीच तर अडचण आहे. तो सफल झाला म्हणजे कांहींच घडत नाहीं, आणि जें घडलें नाहीं त्याला साक्षीदार कोठून मिळणार? परंतु अण्णांच्या त्या एका वाक्यांत या विषयाचें सर्व सार आहे. पाऊस आणि वीज या दोन निराळ्या गोष्टी होत. पावसापासून जपण्यासाठीं आपण झाड, टपरी, देवळाची उघडी ओसरी शोधतों, आणि कपडे कोरडे ठेवण्याच्या नादांत विजेच्या तोंडीं जातों. पाऊस सुरू होण्याची वाट पाहणें हीच पहिली चूक. मुख्य सरींपासून दहा-पंधरा किलोमीटर दूर, जेथें थेंबही पडत नाहीं तेथेंही वीज पडूं शकते. आणि साधारणपणें तितक्याच अंतरापर्यंत गडगडाट ऐकूं येतो. म्हणून गडगडाट कानीं आला, म्हणजे आपण विजेच्या टप्प्यांत आलों असें धरून चालावें.

झाड इतकें घातक कां, तेंही समजून घेतलें पाहिजे. उंच झाडावर वीज पडली म्हणजे ती बुंध्यावरून खालीं येते. पण लांकडापेक्षां मनुष्याचें शरीर विजेस अधिक सुगम असल्यामुळें वाटेंत ती शेजारच्या माणसावर उडी घेते. ही उडी चुकली तरी जमिनींत शिरलेली वीज बुंध्याभोंवतीं सर्व दिशांस पसरते. दोन पाय एकमेकांपासून दूर असतील तर एका पायांतून चढून ती दुसऱ्यांतून उतरते. गुरांचे पुढचे व मागचे पाय तर बरेच अंतरावर असतात. म्हणून झाडाखालीं बांधलेलीं गुरें एकाच विजेनें दगावतात. नॉर्वे देशाच्या डोंगराळ पठारावर २०१६ च्या ऑगस्टमध्यें वादळांत एकत्र घोळका करून उभीं असलेलीं ३२३ रेनडिअर हरणें एका वेळीं मेलेलीं आढळलीं, तीं याच कारणानें. थेट अंगावर वीज पडून मरणारे थोडे. शेजारून आलेल्या किंवा जमिनींतून आलेल्या विजेनें मरणारेच अधिक. मुक्या जनावरांचेंच असें होतें असें नाहीं. २०२१ च्या जुलै महिन्याच्या ११ तारखेस जयपूरनजीक आमेर किल्ल्यासमोरील टेहळणी बुरुजावर वीज पडून दहाहून अधिक माणसें दगावलीं. पावसाळी हवेची मौज पाहण्यास व फोटो काढण्यास लोक तेथें जमले होते. जी उंच जागा देखाव्यासाठीं उत्तम, तीच विजेसाठींही उत्तम, हें गडकोट व महाबळेश्वरचीं टोंकें पाहणाऱ्यांनीं विसरूं नये.

मग जावें कोठें? भिंती, छप्पर, दारें-खिडक्या आणि आंत विजेच्या तारा व पाण्याचे नळ असलेलें पक्कें घर सर्वांत उत्तम. कारण त्यावर वीज पडली तरी तारा व नळ यांच्या वाटेनें ती बहुधा जमिनींत निघून जाते. तें जवळ नसेल तर पत्र्याच्या छताची बंद मोटार किंवा एस्. टी. ची गाडी. कांचा वर करून, धातूच्या भागांस न शिवतां आंत बसावें. येथें रक्षण करतें तें चाकांचें रबर नव्हे, तर भोंवतालचें धातूचें कवच. म्हणून दुचाकी, रिक्षा किंवा उघडा टेम्पो यांचा उपयोग नाहीं. तंबू, पत्र्याची टपरी, गडावरील पडका बुरूज आणि उघडा सभामंडप हे पावसाचे आडोसे आहेत, विजेचे नव्हेत. तळ्यांत नाव असेल तर ती तत्काळ किनाऱ्यास लावावी; समुद्रांत डुंबणाऱ्या मुलांस हांक मारून बाहेर काढावें आणि वाळूवरही थांबूं नये.

घरांत आल्यावरही थोडा संयम हवा. १७५२ सालीं बेंजामिन फ्रँकलिनच्या प्रयोगांमुळें ढगांतील वीज ही विजेचीच एक जात असल्याचें जगास पटलें; पुढल्याच वर्षीं सेंट पीटर्सबर्ग येथें रिखमान नांवाचा शास्त्रज्ञ, छपरावरील सळईपासून घरांत आणलेल्या तारेजवळ उभा राहून निरीक्षण करीत असतां त्याच विजेनें प्राणास मुकला. घरांत येणारी प्रत्येक तार व नळ ही तशीच एक वाट असते. म्हणून वादळ चालूं असेतों स्नान, भांडीं घासणें, कपडे धुणें तहकूब ठेवावें. भिंतीला जोडलेल्या उपकरणांस हात लावूं नये. ओटी, गच्ची व खिडकी सोडून माजघरांत बसावें. तारेनें न जोडलेला मोबाईल घरांत वापरण्यास हरकत नाहीं. शेवटचा गडगडाट ऐकूं आल्यापासून पुरा अर्धा तास होईपर्यंत मुलांना अंगणांत सोडूं नये. पाऊस थांबला कीं मुलें आंबे वेंचावयास धांवतात, तो क्षण विशेष जपण्याचा असतो.

कधीं उघड्या माळावरच गांठ पडली, तर माथ्यावरून खालीं उतरावें, एकाकी झाड, तारेचें कुंपण व पाणी यांपासून दूर व्हावें, आणि आसऱ्याकडे चालत राहावें. जमिनीवर मुळींच निजूं नये. अंगावरचे केस उभे राहूं लागले तर वीज अगदीं जवळ आली असें समजून, दोन्ही पाय जुळवून उकिडवें बसावें. पण हा अगदीं शेवटचा आणि दुबळा उपाय आहे. आणखी एक गोष्ट आमच्या वाचकभगिनींस कठोर वाटेल, तरी सांगणें प्राप्त आहे. संकटांत सर्वांनीं एकमेकांस बिलगणें हा कुटुंबवत्सल मनाचा धर्म. पण येथें तोच घात करतो. तान्ह्या मुलास कडेवर घ्यावें. बाकीच्यांनीं एकमेकांपासून वीस-पंचवीस पावलें अंतर राखून चालावें. एकावर प्रसंग आला तर मदतीस धांवणारें कोणी तरी शुद्धीवर राहिलें पाहिजे.

कारण ही मदत खरोखरच जीव वांचवूं शकते. वीज लागलेल्या माणसाच्या अंगांत वीज साठून राहते, त्यास शिवूं नये, ही समजूत सर्वथा खोटी आहे. तिच्यापायीं वांचण्याजोगीं माणसें हातचीं जातात. अनेकांचें हृदय व श्वास केवळ थबकलेला असतो. अशा वेळीं १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि श्वास बंद असलेल्या माणसाच्या छातीच्या मध्यभागीं दोन्ही तळहात एकावर एक ठेवून, मिनिटास १०० ते १२० वेळां, सुमारें ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहावें. अनेकांस इजा झाली असेल तर जो मेल्यासारखा दिसतो त्याच्याकडे प्रथम जावें. जो कण्हत आहे तो बहुधा जगणार असतो.

पायाळू मुलावर वीज पडते, ही समजूतही आतां माजघरांतून हद्दपार झाली पाहिजे. जन्मतांना पाय पुढें आले म्हणून वीज कोणास ओळखीत नाहीं. अशा मुलास ढग आले कीं कोपऱ्यांत कोंडणें, आणि बाकीच्यांनीं ओटीवर उभें राहून विजा पाहणें, यांत त्या पोराच्या मनास जन्माची धास्ती मात्र लागते, आणि जे ओटीवर असतात तेच खरे धोक्यांत असतात.

हें सर्व ऐन वेळीं आठवणें कठीण. ढग गडगडूं लागल्यावर वादविवाद सुरू झाला म्हणजे ज्यास मौज हवी त्याचाच पक्ष बळावतो. म्हणून निर्णय निघण्यापूर्वींच घरीं व्हावा. गडावर व डोंगरावर सकाळीं लौकर जाऊन दुपारच्या आंत परतावें. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेनें 'दामिनी' नांवाची मोबाईलवरील सोय केली आहे. तींत आपल्या भोंवतालीं वीस ते चाळीस किलोमीटरांत कोठें वीज पडत आहे तें दिसतें. ती घरांतील एका कर्त्या मुलाच्या किंवा मुलीच्या हवालीं करावी. आणि मंडळींपैकीं एका वडीलधाऱ्या माणसाचा शब्द त्या दिवसापुरता अखेरचा मानावा: पहिला गडगडाट झाला, त्यांनीं 'चला' म्हटलें, कीं वाढलेलें पान सोडूनही उठावयाचें.

आमच्या घरीं यंदा तसें ठरलें आहे. ठराव धाकट्या बंधूंनींच मांडला. आंब्याची थट्टा अजून चालूं आहे. पण ती आतां घरांत बसून चालते.